बाटलीहिरवे कोट

"या घरात खुर्ची म्हणून हलवायची सोय नाही," आत्या आत पुटपुटत होती. "बसायचं तर भिंतीला पाठ चिकटवून बसा. घर आहे का संग्रहालय?"

धाकटी जिन्यावरच थांबली. दुकानाच्या मागून वर जाणारा तो जिना इतका अरुंद होता की एका वेळी एकच माणूस चढेल आणि तोही पोट आत घेऊन. वरच्या खोलीत कुणी नुसतं नाक ओढलं तरी पायरीवर ऐकू यायचं. आत्याचं म्हणणं खोटं नव्हतं. गेली काही वर्षं त्या दोन खोल्यांत कुठलीच वस्तू आपली जागा सोडत नव्हती. खुर्च्या भिंतीला, पाण्याचं भांडं खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात, बाबांच्या चपला दाराशी, तोंडं बाहेरच्या बाजूला. कुणी चुकून स्टूल पुढे ओढलं तर आई काही न बोलता उठायची आणि ते मागे सरकवायची. का, ते कुणी विचारत नव्हतं. आत्या कधीमधी येणारी, तिला ठाऊक नव्हतं. आणि तिला सांगायचं म्हणजे ते मोठ्यानं बोलावं लागलं असतं.

"सासूबाईंना वस्तू जागच्या जागी लागतात," वहिनी म्हणाली.

"शिस्त," दादा म्हणाला.

धाकटीनं पदर सारखा केला आणि वर चढली. आईनं फोनवर "नुसती जेवायला ये" म्हटलं होतं. पण या घरात सगळ्यांना एकत्र बसवून जेवू घातलं, की धाकटीचं काहीतरी ठरलेलं असायचं. एकदा असंच जेवता जेवता तिची शाळा बंद झाली होती, एकदा लग्न ठरलं होतं. नवरा चांगला निघाला, तो भाग वेगळा. आजही तो बरोबर यायचा होता, पण लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला सुट्टीचा दिवस नसतो. कुठल्याशा इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये एक दातांचा डॉक्टर अडकला होता. "तू हो पुढे," तो म्हणाला होता, "आणि पहिल्या घासालाच भांडू नकोस. पोटभर जेव, मग भांड."

"डाव्या चपलेची टाच झिजवलीस," बाबा म्हणाले. ती अजून उंबऱ्यातच होती. "पाऊल तिरकं पडतंय."

ते खिडकीजवळ आपल्या जागी बसले होते, तोंड उजेडाकडे, सुट्टीच्या दिवशीही कानावर खडू. शिंपी म्हणून त्यांची सगळ्या रस्त्यावर ख्याती होती, मास्तरांच्या नजरेतून काही सुटत नाही. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आत मास्तर सांगायचे, "काय साहेब, वजन वाढलं." पायरीचा आवाज काय सांगतो, ते गिऱ्हाइकाला कुठून कळणार.

"नवीन घेते," धाकटी म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसली. त्यांनी हात पुढे केला, तिच्या बाहीची कड दोन बोटांत धरली, टाका चाचपला, आणि सोडून दिली. नापसंत असता तर बोलले असते.

जेवणं झाली. सगळेजण तिच्याशी इतकं गोड वागत होते की घास उतरेना. वहिनीनं जावईबापूंची चौकशी केली. आत्यानं तिच्या केसांची स्तुती केली, ज्यांची तिनं आजवर फक्त निंदा केली होती. आणि दादानं आपण होऊन तिच्या ताटात दुसऱ्यांदा वाढलं, तेव्हा तिनं ओळखलं की हे शाळेपेक्षा आणि लग्नापेक्षा मोठं आहे.

हात धुऊन सगळे बसल्यावर आत्यानं तोंड उघडलं.

"ते बटणाचं खरं का गं? मला तर बसमध्ये शेजारच्या बाईनं सांगितलं. तिला काय माहीत मी कोण."

"खरं आहे," धाकटी म्हणाली.

खरंच होतं ते. तिच्या नव्या दुकानाचं पहिलं मोठं काम म्हणजे बागेत वाजवणाऱ्या बँडचे कोट. बाटलीहिरवं कापड, पितळी बटणं. पहिल्याच कार्यक्रमात ट्रम्पेटवाल्यानं छातीत हवा भरली आणि त्याच्या कोटाचं मधलं बटण उडून पुढच्या मोठ्या ढोलावर आपटलं. ढोल वाजला. लोकांना आधी वाटलं, हे गाण्यातच आहे. मग सनईसारखं ते लांबडं वाद्य वाजवणाऱ्याचं बटण गेलं, आणि मग सगळ्या बागेला कळलं.

"हसून हसून मुरकुंडी वळली म्हणे लोकांची," आत्या म्हणाली.

"वळली. मी तिथंच होते."

"बिचारी," वहिनी म्हणाली. आणि ते खोटं नव्हतं. पण वहिनीची दया नेहमी दादाकडे एकदा बघून मग यायची.

ही चूक जगात दुसऱ्या कुठल्याही शिंप्याकडून झाली नसती. या घराची एक टेप होती. आजोबांच्या वेळची, मेणकापडाची. तिचं पितळी टोक कधीतरी मशीनच्या चाकात अडकून तुटलं आणि जाताना पहिला इंच घेऊन गेलं. फेकायची तर आजोबांचा जीव होईना, बाबांचाही झाला नाही. मग घरात सगळ्यांनाच शिकवलं गेलं: टेप जे सांगेल त्यातून एक वजा. चालायला लागावं तसं हे पोरांच्या अंगात भिनलं. दादा तर शाळेत पट्टीनं रेघ मोजतानाही एक वजा करायचा आणि छड्या खायचा. त्या टेपवर या घराच्या दोन पिढ्यांनी बिनचूक कोट शिवले.

धाकटीनं स्वतःच्या दुकानासाठी नवी टेप आणली. पिवळीधमक, दोन्ही टोकांना पितळ, इंच सगळे जागेवर. बाह्या तिनं टेपनं मोजल्याच नाहीत. बाबांची रीत होती गिऱ्हाइकाला ताठ उभं करायची, छाती पुढे, श्वास रोखून. धाकटीला ते कधीच पटलं नव्हतं. माणूस कोट घालून ताठ उभा राहतो किती वेळ? तिनं बँडवाल्यांना वाद्यं घेऊन बोलावलं, कच्च्या बाह्या अंगावर चढवल्या आणि म्हणाली, वाजवा. लांब नळी पुढेमागे करणाऱ्याची बाही वेगळी, ढोल बडवणाऱ्याची वेगळी. दुकानासमोर गर्दी जमली होती. शेवटी राहिली छाती. छातीचं माप तिला झोपेतही घेता आलं असतं. तिनं नवी टेप गुंडाळली, आकडा वाचला, आणि हातानं आपण होऊन एक वजा केला. प्रत्येकाच्या छातीतून. फुंकून पोट भरणाऱ्या माणसांच्या छातीतून.

पण ती रडत बसली नव्हती. दुसऱ्याच दिवशी सगळे कोट परत आणले, शिवणी उसवल्या. आत तिनं भरपूर माया ठेवली होती, शिवणीत जादा कापड दाबून ठेवायची तिची सवयच होती, त्यामुळे बहुतेक कोट उसवून सैल होत होते. अडचण होती ती चार जाडजूड गड्यांची, त्यातही तो भलामोठा पितळी भोंगा वाजवणारा. त्यांचे पुढचे भाग नव्यानं कापायला हवे होते. त्यासाठी तिनं गिरणीच्या गोदामातून त्याच रंगाचा शेवटचा तुकडा आणून ठेवला होता. तो रंग गिरणीनं बंद केला होता. पुरेल इतकंच कापड, एक कात्री चुकली तर संपलं. पण तिची कात्री चुकत नव्हती. चुकली होती ती वजाबाकी.

"जाऊ दे," दादा म्हणाला. त्यानं मांडीवर थाप मारली, जशी तो गिऱ्हाइकाचं बोलणं संपवायला काउंटरवर मारायचा. "झालं ते झालं. तू काळजी करू नकोस. मी सगळं मिटवून आलोय."

"काय मिटवलंस?"

"बँडच्या म्होरक्याला भेटलो. बिचारा घाबरलेला होता. त्याला सांगितलं, कोट आमच्या दुकानात तयार होतील. मास्तर स्वतः कापतील. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला."

धाकटीला क्षणभर वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"माझं काम तू घेऊन आलास?"

"तुझं माझं काय त्यात? घराचं नाव आहे. लोक काय म्हणतात ठाऊक आहे? मास्तरांच्या मुलीनं बटणं उडवली. तुझं नाव कुणी घेत नाही."

"घेत नाही कारण तू कधी घेऊ दिलं नाहीस."

"झालं सुरू," दादा आईकडे बघून म्हणाला.

"चहा ठेवू का?" आई म्हणाली.

"कापड माझ्याकडे आहे," धाकटी म्हणाली. आवाज खाली ठेवायला तिला जोर लावावा लागत होता. "कोट माझ्याकडे आहेत. तू वचन काय देणार, डोंबलाचं?"

वहिनी ताटं उचलायला उठली. ताटं मघाशीच उचलून झाली होती, म्हणून परत बसली.

"खाली आहेत," दादा म्हणाला. "सकाळी आणले. आईकडे तुझी जास्तीची किल्ली होती ना."

ती किल्ली धाकटीनं आईला दिली होती ती दुकान उघडलं त्या दिवशी. इतर कुणी आलं नव्हतं, आई एकटीच आली होती. तिनं शटरवरून हात फिरवला होता, मशीनची चाकं फिरवून बघितली होती आणि म्हणाली होती, एक किल्ली माझ्याजवळ दे, अडीअडचणीला. धाकटीनं आईकडे बघितलं. आई चहाच्या पातेल्याकडे बघत होती.

"तू दिलीस?"

"तो म्हणाला तुझ्या मदतीसाठी."

"मला विचारलंस का, मदत हवी का म्हणून?"

"अगं, भाऊ आहे तुझा," आत्या म्हणाली. "परका आहे का?"

परक्यानं शटर उघडलं असतं तर ओरडता आलं असतं. धाकटीच्या डोक्यात ते दुकान उभं राहिलं. जागा बघायला गेली तेव्हा मालक तिच्या खांद्यावरून मागे बघत राहिला होता, मिस्टर येतील म्हणून. पाटी रंगवणाऱ्यानं दोनदा विचारलं होतं, मालकांचं नाव काय टाकू. दोऱ्यावाल्यानं उधारी मास्तरांना विचारून देतो म्हटलं, तेव्हा ती दुसऱ्या दोऱ्यावाल्याकडे गेली होती. पहिल्या आठवड्यात जो कुणी आत आला त्यानं विचारलं, "मास्तर कुठे आहेत?" आणि ती म्हणाली "मीच", की तो मागे पडदा शोधायचा. तिच्या दुकानात पडदा नव्हता. तिनं मुद्दामच लावला नव्हता. टेबल थेट रस्त्याकडे तोंड करून टाकलं होतं, कापताना येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून.

पडद्यामागं तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. पुढे काउंटरवर दादा, गळ्यात टेप, अंगात झकास कोट. शेजारी स्टुलावर बाबा, गिऱ्हाइकाच्या पाठीवरून हात फिरवत, थट्टा करत. कोट कुठे घालणार, कोर्टात की पार्टीत? आणि मागे ती. कात्रीचा आवाज बाहेर जायचा, लोक म्हणायचे, मास्तरांचा हात अजून कसा चालतो बघा. हे सगळं तिनं चालवून घेतलं. मग एके दिवशी दादानं पाटी नवी रंगवून घेतली. वर बाबांचं नाव होतंच, खाली नवं: "आणि चिरंजीव". धाकटीनं रस्त्याच्या पलीकडे उभं राहून ती पाटी वाचली. आत आली, अर्धवट कापलेली पँट पुरी केली, एप्रन खिळ्याला अडकवला आणि गेली.

"बरं," ती म्हणाली. "कोट तुमच्या दुकानात होणार. मग कापणार कोण?"

"सांगितलं ना, मास्तर."

"मी तुला विचारते दादा, पाटीला नाही. कापणार कोण?"

दादानं घसा साफ केला. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या होत्या.

"हे बघ," दादा मऊ आवाजात म्हणाला. गिऱ्हाइकाचं कापड आखडलं की तो याच आवाजात बोलायचा. "तुझं टेबल आहे तिथंच आहे. एप्रन पण खिळ्यालाच आहे. आईनं धुऊन ठेवलाय. तू ये. चार दिवसांत कोट उरकू, म्होरक्याला देऊन टाकू, आणि मग ते तुझं... ते दुसरं दुकान, त्याचं हळूहळू बघू. घाई नाही. कुणाला कळायचंही कारण नाही."

"म्हणजे मी कापायचं आणि नाव तुझं."

"नाव घराचं."

"घरात मी नाही?"

"तू कशाला नसशील? पण बाई कापते म्हटल्यावर लोक कोट टाकायला येतील का? तुझ्याकडे कोण आलं? बँडवाले. ज्यांना कुणी शिवून देत नव्हतं."

"त्यांना कुणी शिवून देत नव्हतं कारण त्यांचे हात कुणी बघितले नव्हते."

"आणि छाती तू बघितली नाहीस," दादा म्हणाला.

लागलं. नेमकं लागलं. कारण ते बरोबर होतं. आत्या खुदकन हसली आणि मग तोंडावर हात ठेवला.

"हसू नका आत्या," वहिनी अचानक म्हणाली.

सगळ्यांनी वहिनीकडे बघितलं. वहिनी स्वतःच दचकल्यासारखी दिसली, पण आता बोलली होती.

"वकिलांचा कोट मागच्या महिन्यात परत आला. कॉलरचं एक टोक दुसऱ्यापेक्षा लांब. यांनी वकिलांनाच सांगितलं, तुमचा एक खांदा उतरलाय. ते बिचारे हाडांच्या डॉक्टरकडे गेले."

"तू मध्ये बोलू नकोस," दादा म्हणाला.

"मी मध्येच असते. गिऱ्हाईक दारात आलं की तुम्ही मागल्या दारानं जाता, आणि पुढे मी उभी राहते. या ताई इथं होत्या तेव्हा नव्हतं असं."

"तो कोट कुणी कापला होता?" धाकटीनं विचारलं.

वहिनीनं नवऱ्याकडे बघितलं. मग मांडीवरची घडी सरळ केली. तिचं धैर्य तेवढंच होतं. संपलं.

"काय लावलंय हे कापलं कुणी, कापलं कुणी," आत्या म्हणाली. "आमच्या भाऊसारखा हात आहे का कुणाचा? मी या दुकानात लहानाची मोठी झाले. कोटाची काजं कोण करायचं? मी. लग्न होईपर्यंत एकूण एक काज माझं. वडील म्हणायचे, हिचं काज म्हणजे छापल्यासारखं. पण कात्रीला कधी हात लावू दिला नाही, आणि मी कधी मागितली का? भाऊनं कापायचं, मी काजं करायची. कुणाचं काही अडलं?"

आत्या हे अभिमानानं सांगत होती. धाकटीला त्याचाच राग आला. आत्याचा नाही, त्या छापल्यासारख्या काजांचा. किती कोट या गावात फिरले असतील, आणि एकाही माणसानं बटण लावताना विचार केला नसेल की हे भोक कुणी केलं.

"अडलं ना आत्या," ती म्हणाली. "तुमचं अडलं."

"माझं काय अडलं?"

"चहा," आई म्हणाली आणि कप वाटायला लागली. बाबांचा कप तिनं त्यांच्या उजव्या हाताशी, नेहमीच्या जागी ठेवला आणि कपावर बोटानं हलकेच टिचकी मारली. टिणक. बाबांचा हात कपाच्या कानाशी सरळ गेला. धाकटीनं हे इतक्या वेळा बघितलं होतं की आता दिसत नव्हतं. आज दिसलं. कितीही संताप झाला तरी जे कधी बोलायचं नव्हतं ते ओठांवर आलं. एका वाक्यात हा सगळा तमाशा बंद झाला असता. दादाचा मऊ आवाज, म्होरक्याला दिलेलं वचन, ते नाव, ती पाटी, सगळं. तिच्याकडे तेवढं एकच शस्त्र होतं आणि ते बाबांच्या अंगातून आरपार गेल्याशिवाय दादापर्यंत पोचत नव्हतं. हे दादाला पुरतं ठाऊक होतं. म्हणून तर तो इतका निवांत बसला होता.

"शेवटचं विचारते," ती म्हणाली. "ते कापड एकदाच कापता येणार आहे. दुसरा तुकडा नाही. मी इथं येणार नाही. मग कापणार कोण?"

कप बशीवर आपटला.

"माझ्या दुकानात," बाबा म्हणाले, "माझ्या टेबलावर कापणार कोण, हे माझी मुलगी मला विचारते?"

"बाबा, तुम्हाला नाही, मी त्याला..."

"त्याला काय विचारतेस? मी मेलोय का?" ते उठले होते. "मघापासून ऐकतोय. मास्तर कापतील, मास्तर कापतील, जसं काही मास्तर म्हणजे भिंतीवरचा फोटो. चला खाली."

"अहो, आत्ताच जेवण झालंय," आई म्हणाली.

"चला म्हटलं ना."

जिना ते कुणापेक्षाही सरळ उतरले. भिंतीला हातही न लावता. मागे एकामागून एक सगळे, पोटं आत घेऊन. दादा धाकटीच्या मागे होता. "बघ काय केलंस," तो तिच्या मानेजवळ कुजबुजला.

"थांबव त्यांना," तीही कुजबुजली.

"तूच थांबव."

दुकानाचं शटर खाली होतं. वहिनीनं दिवा लावला. टेबलावर तिचे कोट ढिगानं टाकले होते, उसवलेल्या शिवणींसकट, दोरे लोंबत. इतक्या बेपर्वाईनं तिनं उष्टी भांडीही कधी टाकली नव्हती. बाजूला घडी केलेला तो बाटलीहिरवा तुकडा आणि तिचे पुठ्ठ्याचे नमुने.

बाबांनी कोट एका हातानं बाजूला लोटले, तुकडा उलगडला आणि त्याच्यावरून तळहात फिरवला, एकदा उभा, एकदा आडवा. त्यांचा चेहरा थोडा निवळला.

"चांगलं कापड घेतलंस," ते म्हणाले. ते तिला उद्देशून होतं. "अंगावर पडेल छान. कुठलं?"

"गिरणीच्या गोदामातलं."

"गोदामवाला हुज्जत घालतो."

"घातली. मीही घातली."

ते गालात हसले. तेवढ्यात तिला वाटलं, आता थांबतील. पण दादानं भोंगेवाल्याचा नमुना उचलला आणि त्यांच्या हातात दिला. दिला कसला, हातावर ठेवला, आणि त्यांचा हात धरून कापडावर नेला. "हा पुढचा भाग, बाबा."

बाबांनी नमुना मांडला, हातानं कडा चाचपल्या, कानावरचा खडू काढला. रेघ सुरू झाली. ती सुरुवात बघून कुणालाही वाटलं असतं, हा माणूस अजून वीस वर्षं कापेल. हात हलत नव्हता, खडू थरथरत नव्हता. खांद्याचा बाक त्यांनी एका दमात काढला. मग डाव्या हाताखालचा पुठ्ठा थोडासा सरकला. रेघ सरकली नाही. ती तशीच तोऱ्यात पुढे गेली, कापडाच्या काठावरून उतरली आणि टेबलाच्या लाकडावर चालत राहिली. पांढरी, सरळ, वीतभर.

शटरपलीकडून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"झकास," दादा म्हणाला.

धाकटीनं त्याच्याकडे बघितलं. आजवर तिला त्याचा राग यायचा, हेवा वाटायचा, कधीकधी कीवही यायची. आता जे वाटलं त्याला तिच्याकडे शब्द नव्हता. दादा दोऱ्यांच्या फळीकडे बघत होता, जणू काही रंगच निवडतोय.

"भाऊ," आत्या म्हणाली. "अरे, ही रेघ..." ती पुढे झाली, टेबलावर वाकली, मग हळूच मान वर करून तिनं भावाच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांकडे. मागे सरली आणि भिंतीला टेकली.

"रेघेचं काय?" बाबा म्हणाले.

"काही नाही," आत्या म्हणाली. तीही त्यांच्यात सामील झाली. इतकं सोपं होतं ते.

बाबांनी कात्री घेतली. ती जड काळी कात्री धाकटीच्या अंगठ्यावर घट्टा उठवून गेली होती. त्यांनी पाती उघडली आणि खालचं पातं कापडाखाली सरकवलं. जिथून ते शिरलं तिथून सरळ गेलं असतं तर भोंगेवाल्याची छाती मधोमध दोन झाली असती. आणि त्याबरोबर तो रंग, तो बँड, ते रस्त्याकडे तोंड केलेलं टेबल. तिचं दुकान उघडून अजून पाटीच्या रंगाचा वास गेला नव्हता.

"बाबा, थांबा," ती म्हणाली.

पाती थांबली. "का?"

तिनं दादाकडे बघितलं.

"का थांबू?" बाबांनी मान वळवली, ती जिथं उभी होती त्याच्या थोड्या डावीकडे. त्यांचा आवाज चढला होता. "सांग ना. थांबा म्हणतेस, तर का ते सांग. कारण लागतं माणसाला. तू सांगशील?" मान दुसरीकडे वळली. "तू? कुणी तरी सांगा. मी का थांबायचं?"

वहिनीनं डोळे मिटले. दादानं दोऱ्याचं एक रीळ उचललं, बघितलं, परत ठेवलं. धाकटीच्या मुठी आवळल्या होत्या. कापू दे, तिच्या मनात आलं. कापू दे, जाऊ दे कापड, जाऊ दे दुकान. हे मी बोलणार नाही. यांनी मला पडद्यामागं ठेवलं तसं हे पण माझ्याच अंगावर ढकलणार असतील तर मी नाही बोलणार.

बाबांनी वाट बघितली. मग कात्रीवरची मूठ घट्ट झाली.

"तुम्हाला दिसत नाही म्हणून," आई म्हणाली.

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती, हातात बाबांचा कप. आवाज चढवलेला नव्हता, पण त्यात असा राग होता, जो धाकटीनं आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

"तुम्हाला दिसत नाही. याला कापता येत नाही. इतकी वर्षं या टेबलावर जे काही कापलं गेलं ते हिनं कापलं. हे तुम्हाला ठाऊक आहे, याला ठाऊक आहे, मला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ठेवा ती कात्री. ते कापड तिचं आहे."